तानुबाईंवरचं पुस्तक

इस्लामपूर
६ जानेवारी २०२५

प्रिय संयू,

तुझं पत्र आलं तेव्हा मी सांगलीला कानाच्या डॉक्टरांकडं गेले होते. नवं मशीन बसवून दिलंय. उजवा कान संपलाच, डाव्यात थोडं येतं, पण दोनचार माणसं एकदम बोलायला लागली की नुसता कालवा होतो. फोनवर बोलणं तर कधीचंच बंद. सगळा जन्म शाळेतल्या पोरांच्या गलक्यात काढला आणि आता हे असं. म्हणून तुझ्या पत्रांची मी किती वाट बघते ते तुला सांगायला नको.

इकडं कारखान्याचा हंगाम जोरात आहे. ट्रॅक्टरवरची गाणी मला ऐकू येत नाहीत, पण खिडकीच्या काचा थरथरल्या की उसाची ट्रॉली गेली हे कळतं. वाळत घातलेल्या कपड्यांवर रोज काजळी. मी दार लावून घेते आणि वाचत बसते. एका बंगाली कादंबरीचा अनुवाद अर्ध्यात सोडला. त्यातली माणसं फार चहा पितात आणि काहीच करत नाहीत. एका नर्सबाईचं आत्मचरित्र मात्र एका बैठकीत संपवलं. तुला देईन.

आता मुख्य. इंद्रजित सरांची नवी कादंबरी आली, ‘दुसऱ्या पाळीचं पाणी’. मागच्या वर्षी मी त्यांना तुझ्याकडं घेऊन आले होते. तुझ्या हातची भाकरी खाऊन ते वसरीवर तुझ्या सासूबाईंशी, आपल्या तानुमावशींशी किती वेळ बोलत बसले होते. कादंबरी जबरदस्त उतरली आहे. पुण्या-मुंबईच्या पेपरांत कौतुक आलंय. आमचं वाचनालय यंदाचा पुरस्कार त्यांनाच देतंय. कार्यक्रम मराठी भाषा दिनाला, सूत्रसंचालन माझ्याकडं.

सोबत एक प्रत पाठवतेय. तुमच्या बायकांच्या पुस्तक भिशीत ती येणारच, त्याआधी माझ्याकडून वाच. आणि संयू, वाचताना सगळं मनावर घेऊ नकोस. कादंबरीवाला माणूस चार ठिकाणचं उचलतो आणि एक करतो. कुठलं कुठून आलं ते आपण शोधत बसू नये.

लालासाहेबांना आणि मावशींना नमस्कार सांग.

तुझी,
शालनताई


कोरेगाव
१९ जानेवारी २०२५

प्रिय शालनताई,

आधी घरचं लिहिते, कारण पुस्तकाचं लिहायला लागले की हात थांबणार नाही.

आल्याची काढणी चालू आहे. ह्यांचा दिवस रानातच जातो. फौजेतून येऊन इतकी वर्षं झाली तरी मजुरांना अजून परेडला उभं केल्यासारखं बोलतात. दुपारची जेवणं झाली की सासूबाई सूप घेऊन घेवडा निवडायला बसतात आणि मी वाचते. दिवाळीनंतर एका दर्यावर्दी माणसाचं पुस्तक झालं, मग एका पोलिसाच्या आठवणी. पोलीस चोरामागं राजस्थानपर्यंत गेला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “तवर त्येची बायकू काय करती हुती, ते काय लिव्हलंय का?” नव्हतं लिहिलं. मी पुस्तक मिटून बराच वेळ हसत होते.

तुझं पुस्तक आलं ते मात्र मी त्यांच्यासमोर उघडलं नाही. एकटीनं वाचलं. दोनदा वाचलं.

खरं काय घडलं ते तुला माहीत आहे. तुझी पहिली नोकरी इथल्या शाळेत, चार वर्षं तू याच घरात राहिलीस, सासूबाईंच्या हातचं जेवलीस. माझं स्थळही तूच आणलंस. तरी लिहिते. कोयनेच्या भूकंपाच्या आदल्या वर्षी सासरे पलटणीत होते. सासूबाई विहिरीवर धुणं धूत होत्या आणि चार वर्षांची पोरगी काठावर खेळत होती. तिचा पाय घसरला. सासूबाईंना पोहता येत नव्हतं, तरी त्यांनी मागोमाग उडी टाकली. कपाळ दगडावर आपटलं, ती खोक अजून आहे. रानात खतासाठी मेंढरं बसवायला आलेला गुंडा धनगर धावत आला आणि त्यानं केसाला धरून त्यांना वर काढलं. पोरगी हाती लागली ती दिवस मावळताना.

आता तुझ्या सरांनी काय केलंय बघ. त्यांची गोदाक्का नवरा पलटणीत असताना मेंढरंवाल्याशी सूत जमवते. पोरगी ते बघते. मग एका दुपारी बाई पोरीला विहिरीत ढकलते आणि लोकांना दाखवायला आपण उडी टाकते. गोदाक्काच्या कपाळावर खोक आहे. पाणी पिताना पहिला घोट ती जमिनीवर सांडते. कोरेगावात हे कोण करतं ते शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

लेखकानं खोटं रचावं, त्याचा तो धंदा आहे. पण खोटं रचून त्याला माझ्या सासूबाईंचं कपाळ लावलं. ज्यानं जीव वाचवला त्या माणसाला यार केलं. सगळ्यात राग कशाचा येतो सांगू? लिहिलंय चांगलं. विहिरीचं प्रकरण वाचताना क्षणभर माझासुद्धा विश्वास बसला.

ताई, या माणसाला मी सोडणार नाही. काय करायचं ते अजून ठरलेलं नाही, पण सोडणार नाही.

तुझी,
संयू


इस्लामपूर
२५ जानेवारी २०२५

प्रिय संयू,

तुझं पत्र वाचून दिवसभर अन्न गोड लागलं नाही. तुला वाईट वाटणार हे मला ठाऊक होतं, पण तू इतकं टोकाला जाशील असं वाटलं नव्हतं.

मी सरांना सांगलीला जाऊन भेटले. ते शांतपणे म्हणाले की सगळी पात्रं काल्पनिक आहेत, तसं पहिल्या पानावर छापलेलंही आहे. खोक काय, कुणाच्याही कपाळावर असते. मी म्हटलं, मावशींना त्रास होईल. तर ते म्हणाले, “त्यांना वाचता येत नाही ना? मग त्रास कसला?” तुला हे कठोर वाटेल, पण विचार कर, त्यात तथ्य आहे. आपण दोघी गप्प बसलो तर ही गोष्ट मावशींपर्यंत जाणारसुद्धा नाही.

मोठ्या लेखकाशी वाकडं घेऊन तुला काय मिळणार? चार लोकांना माहीत नसेल ते चारशे लोकांना कळेल. भिशीत दुसरं एखादं पुस्तक घ्या. नर्सबाईंचं पाठवते.

आणि तू लिहिलंस की चांगलं लिहिलंय. मग तुझ्यातल्या वाचकाला विचार, एवढं चांगलं पुस्तक एका खोकेसाठी बुडवायचं का?

रागावू नकोस.

तुझी,
शालनताई


कोरेगाव
९ फेब्रुवारी २०२५

शालनताई,

नर्सबाईंचं पुस्तक मिळालं. उघडलेलं नाही.

तू म्हणालीस, मावशींपर्यंत जाणार नाही. गेलं. कसं गेलं ते ऐक.

शेजारच्या रंगूबाईंच्या पणतवाचं बारसं होतं. या आळीतल्या बहुतेक सगळ्या लेकरांना पहिलं न्हाणं सासूबाईंनी घातलंय. पाळण्यात घालायच्या वेळी त्यांनी सवयीनं हात पुढं केले. रंगूबाईंची नातसून रेश्मा आमच्या भिशीत आहे. तिनं बाळ छातीशी ओढलं आणि म्हणाली, “राहू दे आजी, झोपलाय तो.” बाळ टक्क जागं होतं. बायका पाळणा म्हणायच्या थांबल्या. सासूबाईंनी हात तसेच खाली घेतले, पदराला पुसले आणि घरी आल्या.

मी रेश्माला गाठलं. ती म्हणाली, “वहिनी, एवढं मोठं पुस्तक कोण उगीच लिहील का?” मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मारली नाही, कारण मी स्वतः आयुष्यभर छापलेल्यावर असाच विश्वास ठेवत आले.

दुसरं. गुंडा गेला, त्याला बरीच वर्षं झाली. त्याचा मुलगा नाथाजी दरसाल आमच्या रानात मेंढरं बसवतो. यंदा आलाच नाही. हे त्याला रहिमतपूरच्या वाटेवर भेटले. तो मान खाली घालून म्हणाला, “दादा, कुनी बाजारात मला माझ्या बापाचं पुस्तक झालंय म्हनून सांगितलं. आता तुमच्या बांधावर पाय ठिवला तर काकींचं नाव आनखी खराब हुईल.” साठ वर्षांचा घरोबा, तो असा मोडला.

आणि मग सासूबाई मला म्हणाल्या, “माझ्यावर पुस्तक आलंय म्हनं. वाच की.”

मी वाचायला घेतलं. म्हणजे पुस्तक समोर धरलं आणि मनचं सांगत गेले. गोदाक्का कशी कष्टाची, मुलीवर कसा जीव, गावानं तिला कसं सांभाळून घेतलं. त्या निवडत ऐकत होत्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, “बाई चांगली हाय. पर तू पानं उलटंना झालीस.”

मग मी पहिल्यापासून जसं आहे तसं वाचलं. तीन दुपारी लागल्या. विहिरीचं प्रकरण आलं तेव्हा मी थांबले, तर त्यांनी हातानंच चालू दे म्हणून खुणावलं. संपलं तेव्हा त्यांनी सूप खाली ठेवलं. रडल्या नाहीत. म्हणाल्या, “ह्यो मानूस माझ्या वसरीवर बसून जेवला. आता हे त्येनं माझ्या म्होरं वाचावं. त्येच्या तोंडनं ऐकायचंय मला.”

ह्यांचं वेगळंच चाललंय. पलटणीतले चार दोस्त घेऊन सांगलीला जातो आणि त्याच्या तोंडाला काळं फासतो म्हणतात. मी त्यांना अडवलं. काळं फासलं की दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो, तिसऱ्या दिवशी त्याच्या बाजूनं मोर्चा आणि चौथ्या दिवशी दुसरी आवृत्ती. तो हुतात्मा होईल आणि आम्ही गुंड. मला त्याला मोठं करायचं नाही. चारचौघांत छोटं करायचंय.

तेव्हा तू एवढंच कर. पुरस्काराच्या दिवशी आम्हाला पुढच्या रांगेत बसव, आणि सरांना ते प्रकरण वाचायला लाव. बाकीचं आमचं आम्ही बघू.

संयू


इस्लामपूर
१४ फेब्रुवारी २०२५

प्रिय संयू,

बारशाचं वाचून मला रडू आलं. मावशींनी माझ्याही डोक्याला तेल लावलंय गं.

पण तू म्हणतेस ते मला जमणार नाही. कार्यक्रम मोठा आहे, बाहेरगावचे पाहुणे येणार, अध्यक्षांना गडबड नको आहे. आणि सर चिडले तर भर सभेत काय बोलतील याचा नेम नाही. एखाद्याचं नाव मध्येच घेतील, नको ते निघेल. अशानं कुणाचंच भलं होत नाही.

मी मधला मार्ग काढलाय. सर मार्चमध्ये तुमच्याकडं घरी येतील, मावशींच्या पाया पडतील, साडी-चोळी करतील. चांगली इरकल घ्यायला सांगितलीय मी. चार भिंतींत गोडीनं मिटेल. तुम्ही कार्यक्रमाला येऊ नका, एवढं माझं ऐक.

तुझी,
शालनताई


कोरेगाव
१९ फेब्रुवारी २०२५

प्रिय शालनताई,

तुझं पत्र ह्यांना आणि सासूबाईंना वाचून दाखवलं. तू म्हणतेस ते बरोबर आहे, भांडून काय मिळणार?

साडी चालेल. पण घरी नको. ज्या बाईचं नाव चारचौघांत गेलं तिचा मानही चारचौघांत व्हावा. सरांनी व्यासपीठावर सासूबाईंना साडी द्यावी आणि म्हणावं की अशा माउल्यांमुळे माझं लिखाण होतं. लोकांनाही ते आवडेल, सरांचाही मोठेपणा दिसेल. त्याआधी दोन पानं वाचावीत, विहिरीचीच वाचावीत, कारण सगळ्यात चांगली तीच आहेत. सासूबाईंना ऐकायची हौस आहे.

आम्ही गडबड करणार नाही. हे आवाज चढवणार नाहीत, तसं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय. सरांना एवढं सांग.

तुझी,
संयू


इस्लामपूर
३ मार्च २०२५

प्रिय संयू,

चार दिवस वाट बघितली, तू काही लिहिशील म्हणून. शेवटी मीच लिहायला बसले.

त्या दिवशी काय झालं ते मला सांग. मी व्यासपीठावर होते आणि मलाच काही माहीत नाही. टाळ्यांनी मशीन कानात शिट्या मारतं, म्हणून सरांची ओळख करून दिली आणि काढून पर्समध्ये ठेवलं. सर वाचत होते ते दिसलं. मावशींच्या हातात साडी दिली, तेव्हा मला केवढा आनंद झाला. मावशींनी माइक हातात घेतला, मला वाटलं आशीर्वाद देताहेत. मी टाळी वाजवली. माझ्याशिवाय कुणीच वाजवली नाही.

मग सर बोलले आणि त्यांनी माझ्याकडं हात केला. सगळं सभागृह माझ्याकडं बघायला लागलं. मला वाटलं माझे आभार मानताहेत. मी उठून नमस्कार केला.

त्यानंतर अध्यक्ष माझ्याशी धड बोललेले नाहीत. वाचनालयात गेले तर बायका उठून दुसऱ्या टेबलावर बसतात. विचारलं की “काही नाही, काही नाही” असे ओठ हलवतात. सर फोनच्या मेसेजला उत्तर देत नाहीत. कामाला येणारी बाईसुद्धा माझ्या तोंडाकडं बघत नाही.

संयू, ते काय म्हणाले? तू समोरच होतीस. तू तरी सांग.

तुझी,
शालनताई


कोरेगाव
१६ मार्च २०२५

शालनताई,

दुसरं कुणी तुला सांगणार नाही. मी सांगते.

तुझे सर वाचतात छान. त्यांनी गोदाक्का पोरीला ढकलते तिथून सुरुवात केली. माझ्या शेजारची बाई डोळे पुसत होती. सासूबाई मांडीवर हात ठेवून त्यांच्या तोंडाकडं बघत होत्या. आमच्या मागच्या रांगेत नाथाजी बसला होता. ह्यांनी त्याला गाडीत घालून आणला होता, तो यायला तयार नव्हता.

वाचन संपलं, टाळ्या झाल्या. मग साडी. सासूबाईंनी ती खुर्चीवर ठेवली आणि माइक मागितला. त्या काय बोलणार हे आमचं ठरलेलं नव्हतं. मी त्यांना एवढंच सांगितलं होतं की बोलायचं असलं तर तुम्ही बोला, तुमच्या आधी कुणी बोलणार नाही.

त्या म्हणाल्या, “वाचलंस चांगलं. ती बाई मीच हाय. ही खोक बघ. आता मला एक सांग, माझ्या पोरीचं नाव काय?”

सर हसले. म्हणाले, “आजी, पुस्तकात तिचं नाव सोनी आहे.”

“ते तुझ्या पुस्तकातल्या पोरीचं. मी माझ्या पोरीचं इचारतीया.”

सरांनी अध्यक्षांकडं बघितलं.

“माझ्या वसरीवर बसलास. भाकरी खाल्लीस. किती वेळ खोदून खोदून इचारत हुतास, हिरीला पायऱ्या किती, पानी किती हुतं, मी लुगडं कंच्या रंगाचं नेसलेलं हुतं. लेकराचं नाव न्हाई इचारलंस?”

मग त्या म्हणाल्या, “ज्यानं मला वर काढलं त्येचं पोरगं त्ये मागं बसलंय. त्येच्या तोंडाकडं बघून पुन्यांदा वाच की.”

नाथाजी उभा राहिला. तुझ्या सरांच्या हातात पुस्तक होतं, पण त्यांना ते उघडता येईना. त्यांनी घाम पुसला. आणि मग आपली कातडी वाचवायला ते म्हणाले, “आजी, हे मी मनानं रचलेलं नाही. मेंढरंवाल्याचं आणि ढकलल्याचं मला या शालनताईंनी सांगितलं. तुमच्याकडून परत जाताना गाडीत. गावात सगळे तसंच बोलायचे म्हणाल्या.” आणि त्यांनी तुझ्याकडं हात केला.

तेव्हा तू उठून नमस्कार केलास.

तुझ्या कानात मशीन नाही हे मला दिसत होतं. माझ्या पिशवीत कागद होता, पेन होतं. एक ओळ लिहून तुझ्यासमोर धरायला किती वेळ लागला असता? मी धरली नाही. सगळं सभागृह तुझ्याकडं बघत होतं आणि तू हसत, मान डोलवत उभी होतीस. मी ते डोळे भरून बघितलं. आलो होतो एकासाठी, मिळाले दोन. खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं.

परतताना सासूबाई कऱ्हाडपर्यंत खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, “गावात कोन बोलत हुतं? समदं गाव हिरीवर उभं राहून रडत हुतं. शालनला कुनी सांगितलं म्हनं?” मी घरी आल्यावर रंगूबाईंना विचारलं. त्या सासूबाईंपेक्षाही मोठ्या, त्या दिवशी विहिरीवर होत्या. त्यांनी कानाला हात लावला. असं कधी कुणी बोललं नव्हतं. म्हणजे हे तुझंच. मोठा लेखक शेजारी बसलेला, त्याला घरातली साधी हकिगत सांगून तुझं काय वजन पडणार? म्हणून तू तिला फोडणी दिलीस. तुझी सगळी पत्रं मी परत काढून वाचली. “सगळं मनावर घेऊ नकोस.” “एखाद्याचं नाव मध्येच घेतील.” किती काळजी करत होतीस, आणि मला वाटत होतं ती काळजी आमची आहे.

पुढचं सांगते. इस्लामपूरच्या आणि इथल्या वाचकांनी प्रकाशकाला पत्रं घातली. ते प्रकरण बदलल्याशिवाय नवी आवृत्ती काढणार नाही असं त्यांचं उत्तर आलंय. सर परवा इथं येऊन गेले, एकटे. अंगणात चपला काढून उभे राहिले. मुलीचं नाव सांगा, पुस्तक तिलाच अर्पण करतो म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, “नाव न इचारता एवढं लिव्हलंस. नाव कळल्यावर तर काय बी लिव्हशील. जा.” मी पाण्याचा तांब्या भरून आणत होते, त्यांनी मला हातानं मागं फिरवलं. या दारातून माणूस पाण्यावाचून गेला तो पहिलाच.

रेश्मा बाळाला घेऊन आली. घ्या आजी म्हणाली. सासूबाई आल्याची माती काढत बसल्या होत्या. “हात भरल्यात माझं,” म्हणाल्या. रेश्मा बराच वेळ उभी राहिली. बाळ सासूबाईंकडं झेपावत होतं. मला वाटलं आता उठतील, हात धुतील. त्या उठल्या नाहीत. मला त्या बाळाचं वाईट वाटलं, रेश्माचं नाही.

नाथाजीनं मेंढरं आणली. खालच्या रानात बसलीत. त्याच्या बायकोनं सासूबाईंना दुधाची चरवी आणून दिली. ती मात्र त्यांनी दोन्ही हातांनी घेतली.

आता तुझं. तुझी माझ्याकडं असलेली पुस्तकं एसटीतून पाठवली आहेत, स्टँडवरून उतरवून घे. नर्सबाईंचं त्यातच आहे, न उघडलेलं. माझी तुझ्याकडं असतील ती वाचनालयात देऊन टाक. आमच्या घरात ती परत नकोत. तू लिहिशील की बोलता बोलता निघून गेलं, इतकं वाढेल असं वाटलं नव्हतं. लिहू नकोस. तू या घरात चार वर्षं जेवलीस. तो माणूस एकच दिवस जेवला होता, म्हणून त्याच्यावर माझा राग तुझ्यापेक्षा कमी आहे.

सासूबाई म्हणतात, शालनला एकदा येऊ दे, माझ्या म्होरं बसून सांगू दे. त्यांचा निरोप म्हणून लिहिला. मी दार उघडीन असं समजू नकोस.

हे पत्र दुपारी त्यांना वाचून दाखवलं. तुझा तो नमस्कार लिहिलाय तिथं त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं म्हणतील, एवढं कशाला, ते काढ. पूर्ण ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, “पाठव.”

संयोगिता